सिंगापूरला गेलेलं विरजण

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधून बाहेर पडायचा रस्ता एकच होता आणि तो तळमजल्यावरच्या भाऊ केळुसकरांच्या दारावरून जायचा. त्यामुळे हात स्वच्छ धुतल्याशिवाय आमच्यापैकी कुणी घर सोडत नसे. जिन्यात पावलं वाजली की भाऊ एका हातात स्टीलचा फिरकीचा डबा आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन दारात हजर.

"खंय चललंस?"

परीक्षा म्हणा, मुलाखत म्हणा, नाहीतर दात काढायला चाललोय म्हणा, पुढचं वाक्य ठरलेलं. "हात फुडे कर." तळहातावर चमचाभर दही पडायचं, त्यावर चिमूटभर साखर. ते त्यांच्यासमोर तोंडात टाकायचं, मान डोलवायची आणि मग सुटका. भाजी आणायला चाललेल्यालाही माफी नव्हती. "भाजी आणूक गेलंस तरी रस्तो ओलांडूचो लागता मां?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा.

एकदा तर त्यांनी जिन्यातून उतरणाऱ्या एका अनोळखी माणसालाही दही दिलं. त्याने ते मुकाट्याने खाल्लं, भाऊंना वाकून नमस्कार केला आणि तो गेला. तासाभराने कळलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या पेंढारकरांचं पितळी घंगाळ त्याच्या गोणत्यात होतं. सोसायटीची मीटिंग बसली. पेंढारकर तावातावाने म्हणाले, "भाऊ, अहो, चोराला दही दिलंत तुम्ही!" भाऊ शांतपणे म्हणाले, "माका काय ठावक? बाहेर चललो होतो, म्हणान दिलंय." आणि वर जरा अभिमानानेच, "पण सापडलो नाय मां अजून?"

भाऊ पूर्वी गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मूलबाळ नव्हतं. मालूवहिनी जाऊन काही वर्षं झाली होती आणि दह्याचं हे वेड त्यानंतरचंच. एकट्या माणसाला काहीतरी छंद लागतो, कुणी तिकिटं जमवतं, कुणी दही लावतं, असं म्हणून आम्ही तो विषय संपवला होता. दही मात्र खरोखर अफलातून. डबा उपडा केला तरी हलणार नाही असं कवडीदार.

पण विरजण मागायचं नाही! वाटी घेऊन दारात गेलेल्या बाईला ते भजी देतील, बोंबलाचं कालवण देतील, हातावर दही ठेवतील, पण वाटीत चमचाभर दही घालणार नाहीत. "विरजण घराभायर गेला की दही रुसता," एवढंच सांगून ते दार लावून घ्यायचे. बायका पाठीमागे त्यांना चिक्कू म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी हात पुढे करून उभ्या राहायच्या.

अशा या भाऊंना परदेशात न्यायची कल्पना बंडू पेडणेकरांची. बंडू हे भाऊंचे गिरणीतले जुने दोस्त, आता विमा विकायचे आणि चेंबूरला राहायचे. दर रविवारी आमच्या गच्चीवर कॅरम खेळायला यायचे, त्यात मीही असायचो. वयाने मी लहान, पण माझा स्ट्रायकर चांगला, म्हणून दोस्तीत घेतलेला. आमची भिशी होती. ती फुटल्यावर सिंगापूरला जायचं बंडूंनी जाहीर केलं. बंडू, त्यांची बायको नलूवहिनी, मी आणि भाऊ. माझ्या बायकोने मुलांच्या शाळेचं कारण सांगून आईसोबत घरी राहणं पसंत केलं. तुम्ही एकदाचे जा, असा त्याचा खरा अर्थ होता.

भाऊ आधी "माका जमूचा नाय" म्हणून अडून बसले. कारण विचारलं तर सांगेनात. दोन दिवस विचार करून स्वतःच वर आले आणि मला म्हणाले, "विनायका, विमानात दही नेवक् देतत रे?"

विमानतळावर सामान तपासणाऱ्या साहेबाने त्यांच्या पिशवीतून लोकरीच्या कानटोपीत गुंडाळलेला डबा काढला, उघडला, वास घेतला.

"हे काय आहे?"

"दही."

"सिंगापूरला दही कशाला नेताय?"

"थंय दही लावूक." भाऊंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमची परीक्षा-बिरीक्षा काय आसा?"

साहेबाची खात्याची परीक्षा खरंच तोंडावर आली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हात पुढे केला. मागे रांग खोळंबली होती, बंडू कपाळाला हात लावून उभे होते आणि भाऊ त्या साहेबाच्या हातावर साखर भुरभुरत होते. विमानात पाऊल टाकताच त्यांनी हसून नमस्कार करणाऱ्या हवाईसुंदरीला विचारलं, "पायलट खंय आसा? तेका आधी देवक् होया." बंडू आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जागेवर नेलं. उड्डाण होईपर्यंत ते कुरकुरत होते, "आमका चौघांका दिलंय, नि चालवता तो तसोच बसलो!"

सिंगापूरच्या हॉटेलात पेडणेकर जोडप्याची एक खोली आणि भाऊंची नि माझी शेजारची. खोलीला एसी होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एसीत झोपणार होतो, आणि भाऊंनी तो आत शिरताच बंद केला.

"भाऊ, अहो, उकडतंय!"

"तुका उकडता ता बरा. दह्याक पण उकडूक होया."

आमची चांगलीच जुंपली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की एसी चालू राहील, पण डबा टीव्हीवर बसेल आणि टीव्हीही चालू राहील, कारण त्याची पाठ गरम होते. त्यामुळे आमच्या खोलीत आवाज बंद करून चिनी मालिका अखंड चालू असायच्या. तलवारी घेऊन माणसं झाडांवरून उड्या मारत होती आणि त्यांच्या डोक्यावर कानटोपी घातलेला डबा बसलेला होता. सकाळी भाऊ झाकण उघडून म्हणायचे, "बघ, लागला. परदेशात पण लागला!" त्यांचा चेहरा असा उजळायचा, की झोपमोड झाल्याचा राग धरणं मला कधी जमलं नाही.

मग रोज निघताना दही. बागेत जाताना दही, बोटीत बसताना दही. समुद्रावरून तारेवर जाणाऱ्या पाळण्यात चढताना तर भाऊंनी आमच्यामागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जपानी जोडप्यालाही दही दिलं. त्यांना वाटलं, ही इथली रीतच असावी. दोघांनी ते खाऊन कमरेत वाकून नमस्कार केला. भाऊही वाकले. ते पुन्हा वाकले. पाळणा आला नि गेला तरी हे आपले एकमेकांसमोर वाकतच होते. "शिकलेली माणसां ती," भाऊ नंतर म्हणाले, "पेंढारकरासारखी नाय."

असे मजेचे दिवस गेले आणि शेवटचा दिवस उजाडला. विमान दुपारचं होतं. शेवटच्या दिवशी मराठी माणूस परदेशात काय करतो, हे सांगायला नको. राहिलेली खरेदी. बंडूंना रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन हवा होता, मला बायकोसाठी घडीची छत्री आणि आईसाठी देवापुढे लावायचा विजेवरचा बिनधुराचा दिवा. भाऊंना काहीच नको होतं, पण ते भाव पाडायला येणार होते. निघताना त्यांनी मला डबा दाखवून परत टीव्हीवर ठेवला. निरोपाचं दही जास्त लागणार म्हणून काल त्यांनी तो काठोकाठ लावला होता. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरी, दारावरचा सरदारजी, टॅक्सीवाला, सगळ्यांचा त्यात हिशेब होता.

नलूवहिनी मात्र बाजारात आल्या नाहीत. त्यांच्यावर त्याहून मोठी जबाबदारी होती. घरून आणलेले डबे रिकामे करायचे आणि खरेदीने भरायचे. चिवड्याच्या डब्यात घड्याळं, शंकरपाळ्यांच्या डब्यात अत्तरं, आणि वर मेतकुटाचा जाड थर. कस्टमवाला कितीही कडक असला तरी मेतकुटात बोट घालत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि अन्न टाकायचं तर मुळीच नाही. आदल्या दिवशी त्यांनी विजेवर भात शिजवणारा कुकर घेतला होता. तो चालतो की नाही हे मुंबईला जाऊन कळून काय उपयोग?

आम्ही परत आलो तेव्हा भाऊंच्या नि माझ्या खोलीत, जिची किल्ली वहिनींकडेच होती, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून पंगत मांडलेली होती. कुकर फुसफुसत होता. वहिनींनी दहीभात कालवला होता. कडेला उरलेलं लिंबाचं लोणचं, चिवड्याचा चुरा, मेतकूट. आठवडाभर नूडल्स नि ब्रेड खाऊन आमची अवस्था अशी झाली होती, की कुणी काही विचारलं नाही. तुटून पडलो.

"वहिनी, झकास!" बंडू स्वतःच्याच बायकोला वहिनी म्हणाले.

भाऊंनी तीनदा मागून घेतला. बोटं चाटून म्हणाले, "असो दहीभात माझ्या जन्मात खाल्लंय नाय. दही खंय गावला गो?"

"म्हणजे काय?" नलूवहिनी हात पुसत म्हणाल्या. "तुमच्याच खोलीतलं. टीव्हीवरचं. सगळं घातलं, म्हटलं आता विमानात कुठे सांडासांडी! डबा कसा लख्ख घासून ठेवलाय बघा."

भाऊ उठले. टीव्हीजवळ गेले. डबा चकाकत होता. झाकण फिरवून उघडलं तर आत नेलपॉलिशच्या बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, वर थोडं मेतकूट.

मला वाटलं, आता हे आकाशपाताळ एक करणार. पण भाऊंनी झाकण पुन्हा नीट लावलं आणि डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसले.

"भाऊ, अहो, दह्याचं काय एवढं?" वहिनी घाबरून म्हणाल्या. "चेंबूरला आमचा दूधवाला डेअरीचं चांगलं दही देतो, वाटीभर पाठवते."

"ता मालूचा विरजण होता," भाऊ म्हणाले.

आम्हाला कळलं नाही. भाऊ डब्याकडे बघूनच सांगू लागले.

"त्या दिसा तिणां सांजच्याक दूध तापवन दही लावलां. नि मग छातीत दुखूक लागला. टॅक्सी आणलंय, हास्पिटलात नेलंय. सकाळी मी एकटोच घराक इलंय. कट्ट्यार डबो होतो. उघडून बघलंय तर दही लागलेला." त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. "माका काय कराचा ता समजाक नाय. टाकतलंय कसा? म्हणान तेच्यातला चमचोभर काढून दुसऱ्या दिसा मीच लावलंय. मग तेच्यातला काढून परत. ता आजपर्यंत."

बंडू खाली बघत होते. भाऊ पुन्हा म्हणाले, "घाईत तिच्या हातार दही घालूक मी इसारलंय रे. आमच्या घरातून मी नायतर पावणो, कोण बाहेर पडला तर तीच देय. नि तीच तशी गेली."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याची टिंगल केली, ते हे होतं. नलूवहिनी तर तोंडात पदर कोंबून रडायलाच लागल्या. आणि मग आम्हा सगळ्यांना एकदम घाई सुटली. चमचाभर, अर्धा चमचा, थेंबभर तरी मिळायला हवं होतं! बंडूंनी कुकरचं झाकण बोटाने निपटून पाहिलं. मी ताटल्या बघितल्या, त्या आम्हीच चाटूनपुसून लख्ख केल्या होत्या; चमचा वहिनींनी डब्याबरोबरच साबण लावून धुतला होता. बेसिनच्या भोकात बंडूंनी टूथब्रश घातला, त्याला फक्त केस लागले. एरवी बायकोच्या ज्या स्वच्छतेचं बंडू चारचौघांत कौतुक करायचे, तिला त्यांनी त्या दिवशी मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी भाऊंसमोर उकिडवे बसून ते अगदी कळवळून म्हणाले, "भाऊ, माझ्या पोटात आत्ताच गेलंय, अजून ताजं असेल. बोटं घालून काढू काय?"

"बंडू मेल्या, गप बस," भाऊ म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. मग आम्हीही हसलो, वहिनी रडतारडता हसल्या. पण भाऊंचं हसू लवकर संपलं.

सामान बांधून आम्ही दारापाशी आलो आणि घोळ झाला. सवयीने आम्ही तिघांनीही उजवा हात पुढे केला. खाली काउंटरवरची पोरगी आठवडाभरात शिकली होती, तिनेही केला. दारावरच्या सरदारजीने केला. भाऊ आमच्या तळहातांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी काउंटरवरच्या चहाच्या ट्रेमधून साखरेच्या पुड्या उचलल्या, फोडल्या आणि प्रत्येकाच्या हातावर नुसती साखर ठेवली. विमानात त्यांनी पायलटची चौकशी केली नाही. खिडकीची जागा होती, पण बाहेरही बघितलं नाही.

मुंबईत उतरलो, कस्टमवाल्याने मेतकुटात मनगटापर्यंत हात घातला, वहिनींनी त्याच्याशी काय तो वाद घातला, या सगळ्यात एरवी भाऊंनी धमाल उडवली असती. ते बाकावर बसून राहिले. दिवेलागणीला आम्ही दोघे मुलुंडला पोचलो. त्यांनी आपलं कुलूप उघडलं, "येतंय" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी वर येऊन बायकोच्या हातात छत्री दिली आणि आईला सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता उठली, फ्रिज उघडला आणि एक वाडगं माझ्यासमोर आणून ठेवलं. कवडीदार, घट्ट.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"त्याचंच की."

"भाऊंनी तुला विरजण दिलं?"

"तो कुठला देतोय! हातावर द्यायचा ना? त्याच्यासमोर तोंडाला लावल्यासारखं करायचं, मूठ झाकायची आणि काहीतरी विसरले म्हणून परत वर यायचं. दुधात हात बुडवला की काम झालं." आई जराही ओशाळली नव्हती. "मी एकटी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीणबाई, पेंढारकरीण, झाडून सगळ्या. असं दही लागतं का कुणाचं?"

मी माझ्या बायकोकडे बघितलं. तिने मान दुसरीकडे वळवली.

"आई! मग दे ना ते वाडगं, आत्ता नेऊन देतो!"

"आत्ता?" आईने वाडगं माझ्या हातातून ओढून घेतलं. "तिन्हीसांजा झाल्या. दिवा लागल्यावर कुणी विरजण देतं का घराबाहेर?"

"अगं, तो माणूस खाली एकटा बसलाय!"

"म्हणून मालूच्या दह्याला अपशकुन करू? सकाळी देईन." आणि खरंच, मी कितीही डोकं आपटलं तरी ती बधली नाही. फक्त मला खाली पिटाळून भाऊंना जेवायला वर आणवलं, आणि जेवताना दही वाढलं नाही.

सकाळी उजाडताच ती वाडगं घेऊन निघाली. मी मागोमाग. जिन्यात आम्हाला कुलकर्णीणबाई भेटल्या, त्यांच्या हातात चिनी मातीचा बाऊल. खाली उतरतो तर पेंढारकरीणबाई आधीच उभ्या, हातात ॲल्युमिनियमचं पातेलं. माझ्या बायकोने रात्रीत सगळीकडे वर्दी दिली होती. भाऊंनी दार उघडलं तेव्हा दारात बायकांची रांग लागली होती.

"खंय चललात सगळी?" भाऊ गोंधळून म्हणाले. सवयीने त्यांनी डब्यासाठी मागे हात नेला आणि तसाच खाली घेतला.

"कुठे नाही. हे घ्या," आई म्हणाली. "चोरलेलं आहे. तुमच्याच हातून."

भाऊंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी एकेका भांड्यात डोकावून पाहिलं. आईच्या वाडग्यातलं बोटाने चाखलं, मग पेंढारकरीणबाईंच्या पातेल्यातलं.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा हातावर ठेवलंत तेव्हापासून," आई म्हणाली. "आमच्या घरी रोज तिचंच दही असतं, भाऊ."

भाऊ उंबरठ्यावर बसले. आईने वाडगं त्यांच्या हातात दिलं. ते खाऊ लागले, भरभर, लहान मुलासारखे. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. तळाशी चमचाभर उरलं तेव्हा ते एकदम थांबले आणि वाडगं बाजूला ठेवायला गेले. इतक्या वर्षांत त्यांनी शेवटचा घास कधी खाल्ला नव्हता.

"खा रे," आई म्हणाली. भाऊंना ती तोंडावर प्रथमच अरे-तुरे करत होती. "संपव. आमच्याकडे आहे."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि वाडगं बोटाने निपटून साफ केलं.